काटा साठवर होता

गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली, आणि तरी स्पीडोमीटरचा काटा वीसवर उभा होता. मी उतरलो, दार लावलं आणि काचेतून पुन्हा आत पाहिलं. काटा पंधराच्या आसपास आला होता. त्याला घाई नव्हती. सत्काराचा हार गळ्यात घेऊन प्रमुख पाहुणा व्यासपीठावरून उतरतो तसा, पायरी जपत, तो शून्याकडे निघाला होता.

आमच्या आणि काकूच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. काकू पलीकडे तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी गाडीत वाकून काय पाहतोय हे तिला तिथून दिसणं शक्य नव्हतं. पण ती म्हणाली, "अजून चालवूनच राहिले का?"

"कोण?" मी विचारलं, जरी विचारायची गरज नव्हती.

तिनं एक शेंग मोडली, दाणे सुपात टाकले आणि फोल बाजूला सारलं.

बाबांना जाऊन तेव्हा एक पावसाळा झाला होता. ते झोपेत गेले, म्हातारपणानं, कुणाला त्रास न देता. त्यांच्या स्वभावाशी हे विसंगत होतं. मी नागपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणं संपवून दिघोरीला परत आलो होतो. घर मिळालं, थोडं धानाचं शेत मिळालं आणि पडवीच्या टोकाला उभी असलेली ही पांढरी, चौकोनी, जुनी गाडी मिळाली. तिचं पासिंग पुन्हा करून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी स्पीडोमीटर चालू असावा लागतो. चालू तर तो होता. गाडी उभी असतानाही चालू होता, हीच तक्रार होती.

बाबा हेडमास्तर होते. निवृत्तीनंतरही ते होतेच. शाळेनं त्यांना सोडलं, त्यांनी शाळेला सोडलं नाही. घरात ते प्रमाण मराठी बोलत आणि फक्त राग आला की झाडीबोलीतल्या 'तुले' आणि 'काहून'वर येत. त्यामुळे आम्हा मुलांना त्यांचा राग व्याकरणावरूनच ओळखू यायचा. उपकरणांवर त्यांची निष्ठा होती. पडवीत तापमापक होता. निरोप समारंभात शिक्षकांनी दिलेला वायुभारमापक त्याच्या शेजारी टांगलेला होता. तो कायम 'वादळ' दाखवायचा आणि बाबा रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहून मान डोलवायचे. बाहेर थंडी आहे असं कुणी म्हटलं तर ते आधी तापमापक पाहत आणि मगच कुडकुडत.

"वाटणं वेगळं आणि असणं वेगळं," असं ते म्हणत. हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की पुढे वर्गात पुराव्याची चिकित्सा शिकवताना माझ्याही तोंडून ते यायचं, आणि दर वेळी मला खडूचा वास यायचा.

गाडी त्यांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कुणाकडून तरी जुनीच घेतली. चालवायला शिकले तेही पुस्तकातून शिकल्यासारखे. रस्त्याकडे एक डोळा आणि काट्याकडे दुसरा. त्यातला भरवशाचा डोळा काट्याकडे. मी सुट्टीत आलो की शेजारी बसायचो. झाडं अशी सावकाश मागे सरायची की त्यांची सालं मोजावीत. एकदा मी म्हणालो, "बाबा, हे साठ वाटत नाही." त्यांनी डॅशबोर्डवर बोट टेकवलं आणि ते नेहमीचं वाक्य म्हटलं. काटा साठवर होता.

आता काकूचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि आमच्याकडच्या जुन्या घरांमध्ये भासऱ्याशी सून थेट बोलत नाही. त्याच्यासमोर बसत नाही, त्याच्या बाजेला हात लावत नाही, तो आला की पदर डोक्यावर घेते आणि आत जाते. भांडण असतं म्हणून नाही. उलट, मान असतो. पण बोलणं तर लागतंच, एकाच विहिरीचं पाणी प्यायचं असतं. मग ते मधल्या माणसातून होतं. दोघं चार हातांवर असताना काकू काकाला म्हणायची, "त्यायले सांगा, जेवन झालं." बाबा काकाला म्हणायचे, "तिला सांग, येतो." काका दोघांमध्ये बसून विडी ओढत असायचा आणि एक अक्षरही पुढं सांगायचा नाही, कारण दोघांनाही ऐकू आलेलं असायचं. एकदा वैतागून तो म्हणाला होता, "माझ्या ठिकानी एक खांब उभा करा ना, बाप्पा. त्याच्याशी बोला. मी शेतावर जातो."

पौषातल्या एका सकाळी काकाच्या छातीत दुखायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी साकोलीला न्यायला सांगितलं, आणि हेही सांगितलं की रस्ता खराब आहे, धक्के बसू देऊ नका, साठच्या वर नेऊ नका. बाबांनी गाडी काढली. मागच्या सीटवर काका आडवा, त्याचं डोकं काकूच्या मांडीवर. गाडीत एवढीच माणसं. मी नागपूरला होतो. जे सांगतोय ते काकूकडून ऐकलेलं आहे आणि थोडं बाबांकडून. दोघांच्या सांगण्यात फरक फक्त एकाच गोष्टीचा होता.

काकूला गाडी हळू चालल्यासारखी वाटली. भासऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून ती मांडीवरच्या डोक्याला म्हणाली, "त्यायले म्हना ना, जोरात चालवा."

काका काही बोलण्याच्या स्थितीत नव्हता. बाबांना ऐकू आलं. त्यांनीही मागे न वळता भावालाच सांगितलं, "तिला सांग, काटा साठवर आहे."

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. त्या रस्त्यावर ती दोघं त्याच्याशीच बोलत राहिली. गाडी साकोलीला पोचली तेव्हा त्यांच्यामध्ये कुणी नव्हतं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. डॉक्टर हे वाक्य पुष्कळांना म्हणतात. दुकानदार 'आत्ताच संपलं' म्हणतो तसं ते असतं, त्यात कुणावर आरोप नसतो. पण काकूनं ते घरी आणलं.

तेरवीच्या दिवशी, पंगती उठल्यानंतर, बायकांमध्ये बसलेली असताना ती बोलली. पुरुष ओसरीवर होते आणि दार उघडं होतं. ती म्हणाली, गाडी हळू चालली. खिडकीच्या बाहेर एक दूधवाला मोपेडवर होता, दोन बाजूंना दोन डबे लावलेला. त्याचे डबे खिडकीत दिसत होते, आणि बराच वेळ ते मागे गेलेच नाहीत. "गाडी पळून राहिली असती तं डबे मांगं गेले असते," ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही. मध्ये बसणारा माणूस उरला नव्हता, म्हणून तिनं ते तसंच हवेत सोडलं.

बाबा ओसरीवरून उठले. दारात येऊन, आतल्या भिंतीकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की काटा पूर्णवेळ साठवर होता. मोपेड साठनं चालू शकत नाही. म्हणजे गाडीच्या बरोबरीनं मोपेड नव्हती. दुःखात माणसाला नसलेलं दिसतं, त्यात दोष नाही.

तीन ओळींत सिद्धता पूर्ण झाली. फळ्यावर लिहायचीच बाकी होती.

नातेवाईकांना सिद्धता पटली. काकूला समजावण्याची जबाबदारी मग बायकांनी घेतली. तसं होते बाई, वेळ जात नाही, रस्ता लांबते. कुणी म्हटलं दूधवाला आदल्या दिवशीचा असेल. कुणी म्हटलं यमाचा दूत कोणत्याही रूपात येतो, आणि हे त्यातल्या त्यात आदरानं म्हटलं गेलं होतं. काकूनं सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर ती बाबा असताना आमच्या घरात आली नाही आणि त्या गाडीत कधी बसली नाही. भिंतीच्या पलीकडून गाडी निघताना आणि येताना पाहायची, एवढंच. माझ्याशी तिचं बोलणं कधी बंद नव्हतं. पण अधूनमधून, काही भलतंच बोलत असताना, ती मला विचारायची, "डबे पितळेचे होते, बाबू. नसलेले डबे पितळेचे असतात का?"

मी इतिहास शिकवत होतो. त्यात साक्षीदार एकटा असेल आणि यंत्र त्याच्या विरोधात असेल तर काय करावं, याचा धडा नाही.

साकोलीला हमरस्त्यावर एक गॅरेज आहे. 'येथे सर्व गाड्यांचे संगणकीय निदान केले जाईल' असा फलक, फलकावर मालकाचा कोटातला फोटो आणि आत एक संगणक, ज्यावर दिवसभर भजनं लागलेली असतात. माझ्या गाडीला संगणक जोडायला जागाच नव्हती, त्यामुळे मालक जरा खट्टू झाला. त्यानं कोटाच्या ऐवजी बनियन घातलं होतं, पण बोलणं फोटोतल्या माणसाचं होतं.

"केबल गेली, भाऊ. अजून काय."

मी म्हणालो, चाकाचं फिरणं काट्यापर्यंत नेणारी केबल तुटली असती तर काटा हललाच नसता. कोरडी झाली असती तर नाचला असता. हा नाचत नाही, हा जरा जास्तच गंभीर आहे.

"आता तुम्हीच सांगाल तं मी कायले बसलो इथं?" तो म्हणाला, आणि त्याच्याकडे केबल होती म्हणून त्यानं केबल बदलली. काही फरक पडला नाही. मग त्यानं टायरवर संशय घेतला. चाक लहान बसवलं की ते जास्त फिरतं, आणि काटा जास्त दाखवतो. आम्ही दोघांनी वाकून टायरवरचे आकडे वाचले. टायर बरोबर होते. तो उठून उभा राहिला, हात पुसले आणि गाडीकडे असं पाहिलं की जणू तिनं त्याच्या फलकाचा अपमान केलाय.

"गाडीले बाधा आहे," तो म्हणाला. "लिंबू बांधा."

काटा जास्त दाखवतो, हे मात्र माझ्या डोक्यात राहिलं होतं. इतका वेळ मी काटा उशिरा उतरतो एवढंच पाहत होतो. परतीच्या रस्त्यावर मी दुसरं काही पाहायला लागलो. अशा गाडीत काट्याखाली किलोमीटरचे आकडे फिरत असतात. ते दातेरी चाकांवर चालतात; त्यांना वेळेचं काही देणंघेणं नसतं, चाक जेवढं फिरेल तेवढं ते मोजतात. रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड आणि ते आकडे जुळत होते. मग मी काटा साठवर धरला आणि घड्याळ पाहिलं. साठच्या वेगानं एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत एक मिनिट लागायला हवं. दुसरा दगड आला तेव्हा पावणेदोन मिनिटं होत आली होती.

मी पुढच्या दगडाला पुन्हा पाहिलं. मग त्याच्या पुढच्या. नंतर गाडी कडेला घेऊन थांबलो. काटा नेहमीप्रमाणे माझ्यानंतर थांबायला निघाला. साठ म्हणजे पस्तीस. मोपेड पस्तीसनं चालते.

ही वजाबाकी मी कागदावर केली नाही. काही वजाबाक्यांना कागद लागत नाही. पस्तीसनं साकोलीला किती वेळ, साठनं किती, आणि मधलं जे उरतं ते किती. गाडीत बसल्या बसल्या ते उत्तर शेजारच्या सीटवर येऊन बसलं आणि घरापर्यंत बरोबर आलं.

पण हे तेव्हाही असंच होतं कशावरून? बिघाड नंतरचा असू शकत होता. बाबा गेल्यावर गाडी वर्षभर उभी होती. मला, खरं सांगायचं तर, तो नंतरचाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गॅरेजमध्ये गेलो आणि मीटर खोलायला लावलं. मालकानं डॅशबोर्डमधून तो काढला, झाकण उघडलं, आणि काट्याखालचं छोटं ताट बोटानं हलवून पाहिलं. त्या ताटाखाली एक चुंबक फिरतो. चुंबक ताटाला शिवत नाही, नुसता ओढ लावतो. जितका जोरात फिरेल तितका काटा वर. इथं मात्र दोघांच्या मध्ये काहीतरी पिवळट तपकिरी, चिकट साचलं होतं. चुंबक ताटाला त्या चिकट्यानं धरूनच ओढत होता.

"हे ग्रीस नाही," मालक म्हणाला. त्यानं बोट नाकाशी नेलं. "काय आहे हे?"

मी वास घेतला आणि मला दसरा आठवला.

आमच्याकडे धान कापायच्या आधीच बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, ओलीवर जवस फेकतात. त्याचं तेल घरोघरी असायचं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, सगळं धुऊन, तेलाचं बोट लावून पाटावर मांडायचं. गाडी आल्यापासून बाबांनी गाडीचीही पूजा सुरू केली होती. चाकाला हळदकुंकू, बॉनेटला झेंडूचा हार. आणि ते हेडमास्तर असल्यामुळे नुसत्या हारावर थांबणं त्यांना शक्य नव्हतं. ज्या उपकरणावर त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास, त्याची पूजा सगळ्यात मनापासून. दर खंडेनवमीला ते डॅशबोर्डखाली आडवे होत, मीटरमागचा नट सैल करत आणि केबलमध्ये घरच्या जवसाच्या तेलाचे थेंब सोडत. मी टॉर्च धरून उभा राहिलेलो आहे. "काट्याला कोरडं पडू देऊ नये," असं ते आतून म्हणत.

जवसाचं तेल वाळतं. दाराच्या चौकटींना ते लावतात ते त्यासाठीच. वाळताना ते आधी मधासारखं होतं, मग राळेसारखं. आणि थंडीत आणखी घट्ट.

"तार फिरते तसं तेल वर चढते," मालक म्हणाला. "एका वर्षाचं काम नाही हे. थरावर थर आहे, पाहा. पहिल्यापासूनच काटा उचलून दाखवत असन. पेट्रोलनं धुऊन देतो, अर्ध्या तासाचं काम."

"नको. तसाच परत बसवा."

"तसाच?"

"एकदा कुणाला तरी दाखवायचं आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "लोकं गाडी बनवून दाखवाले नेतात, भाऊ. तुम्ही बिघडलेली नेऊन राहिले." पण बसवून दिला.

काकूला सांगावं की नाही, हे मी ठरवू शकत नव्हतो. सांगितलं तर तिची मोपेड तिला परत मिळत होती. बाबाही खोटं बोलले नव्हते हे सिद्ध होत होतं. पण त्यासाठी गाडी त्या सकाळी खरोखरच हळू चालली होती हे मान्य करावं लागत होतं, आणि ते मान्य केलं की ती वजाबाकी काकूच्या अंगणातही जाऊन बसणार. इतकी वर्षं निदान 'तुला तसं वाटलं' हा एक आडोसा तरी होता. वाईट आडोसा, पण होता.

माझी अडचण काकूनं सोडवली. भिंतीवरून तिनं विचारलं, "रस्त्यावर दगडं कायले मोजून राहिला तू? गावातले लोकं म्हनतात, मास्तरचा पोरगा बापावर गेला."

मी भिंतीपाशी गेलो आणि सांगितलं. तेल, चुंबक, दगड, सगळं. वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला सांगता येत नाही. ती हातातली शेंग न मोडता ऐकत होती.

"म्हनजे काटा साठवर होता," ती म्हणाली.

"हो."

"आन गाडी साठवर नोहती."

"नव्हती."

तिनं हातातली शेंग सुपात ठेवली आणि म्हणाली, "तुले एक सांगतो, बाबू. कोनाले सांगतलं नाही." आमच्या झाडीपट्टीतल्या बायका स्वतःबद्दल बोलताना कधीकधी अशाच बोलतात, पुरुषासारख्या. "तुझे काका दवाखान्यात नाही गेले. ते तलावाच्या पारीवर गेले. मोहाची तीन झाडं हायेत ना, वळनावर, तिथं. हात माझ्या हातात होता. तिथं सुटला. मग साकोलीपर्यंत मी तशीच बसलो."

"बाबांना सांगितलं नाहीस?"

"सांगू कोनाच्या हाती?" ती म्हणाली.

शेंगांचं सूप तिनं बाजूला ठेवलं, पदर झटकला आणि उठली.

"दाखव मले," ती म्हणाली. "उद्या सकाळी. थंडीतच."

दुसऱ्या दिवशी धुकं बांध्यांवर पसरलं होतं आणि धान कापून गेल्यामुळे रानं मोकळी होती. काकू गाडीपाशी आली. मागचं दार उघडायला हात गेला, मग तिनं तो आवरला आणि पुढे येऊन बसली. बसल्यावर पदर डोक्यावर घेतला. गाडीत मी होतो, तिच्या मांडीवर वाढलेला. माझ्यासाठी तो पदर नव्हता.

गावाबाहेर पडल्यावर मी काटा साठवर आणला आणि तिथंच धरला. ती वाकून काट्याकडे पाहायची, मग खिडकीतून बाहेर, मग पुन्हा काट्याकडे. बाभळी एकेक करून येत होत्या आणि आपापल्या सवडीनं मागे जात होत्या. एक माणूस स्कूटरवर धानाचं पोतं आडवं टाकून आला, आमच्या बरोबरीला काही वेळ राहिला, मग आमच्याकडे कुतूहलानं एक नजर टाकून पुढे निघून गेला. काटा साठवर होता.

"मोपेड होती," काकू म्हणाली.

"होती, काकू."

"पितळेचे डबे होते."

"होते."

तिनं मान हलवली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा बाबांना काही बोलेल. ती म्हणाली, "मले मांगून काटा दिसतच नोहता. आन त्यायनं खिडकीतून पाहिलंच नाही." जणू एखाद्या जुन्या हिशेबातली चूक सापडली होती आणि ती कुणाचीच नव्हती.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "आता खरं साठ कर."

"कशाला?"

"पाहू दे. तलावाची पार येवाले जेवढा वेळ लागला, तेवढ्यात गाडी कुठवर गेली असती, पाहू दे मले."

मला ही वेळ टाळायची होती. मी म्हणालो, रस्ता आता नवा झालाय, तेव्हा असा नव्हता. म्हणालो, धुकं आहे. ती समोरच पाहत राहिली. मी पायाखाली दाब दिला. काटा ऐंशीवर गेला, शंभरवर गेला, मग शंभरच्या पुढे जाऊन थरथरत टेकला. तो काही सांगत नव्हता, नुसता टेकला होता. दारं खडखडायला लागली, काचेच्या फटीतून थंड वारा आत घुसला. झाडं आता झाडांसारखी दिसत नव्हती. पुढे साकोलीकडून येणाऱ्या ट्रकचे दिवे धुक्यात दिसायला लागले. तलाव जवळ आला होता, एवढ्या लवकर. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती पाहत असणार हे मला माहीत होतं. पुढच्या वळणावर, तलावाच्या बांधावर, मोहाची ती तीन झाडं काळी होत वर यायला लागली.

तिनं पदर पुढे ओढला, थेट कपाळापर्यंत. आणि समोरच्या काचेकडे पाहत, माझ्याशी नाही, ती म्हणाली, "भासरे, आता हळू."

मी पाय उचलला. वळणाच्या अलीकडेच गाडी कडेला येऊन थांबली. इंजिन बंद केलं. तलावावरून पाणकोंबड्यांचा आवाज येत होता, ट्रक जवळून निघून गेला आणि त्याच्या मागचं धुकं पुन्हा मिटलं. काटा अजून चाळीसवर होता. काकू त्याच्याकडे पाहत होती, मीही. तो शून्यावर येईपर्यंत आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो.